मामांचा हेलिकॉप्टर हेडसेट सेसनाला कसा जुळवायचा

तुमचा प्रश्न इतरांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडते. तुम्ही सेसना १७२ वर शिकताय. मामा सैन्यदलात हेलिकॉप्टर उडवायचे, निवृत्तीनंतर त्यांनी आपला हेडसेट तुम्हाला दिला. त्याला एकच जाड प्लग आहे आणि त्यावर यू-१७४ असं लिहिलंय. एका प्लगचे दोन करणारा अ‍ॅडॉप्टर तुम्ही मागवलात, तो जॅकमध्ये छान बसला. पण इन्स्ट्रक्टर म्हणतात, ‘कुजबुजतोयस काय, मोठ्याने बोल.’ टॉवरने तर परवा ‘रीडेबिलिटी टू’, पाचपैकी दोन, दिली, म्हणजे मधलेमधले शब्दच कळत होते. तुमच्या कानातही आवाज दबका येतो. त्यावर तुम्हाला दोन सल्ले मिळालेत: विमानाच्या रेडिओचा माइक गेन, म्हणजे माइकचा आवाज किती पटीने वाढवायचा ते, वाढवून घे, नाहीतर हेडसेटला गेमिंग हेडसेटचा माइक लाव.

यातलं काहीही करू नका. मी बी-२ परवान्यावर काम करणारी एव्हिऑनिक्स इंजिनिअर, म्हणजे विमानातली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा सांभाळणारी, आहे. वीस वर्षांहून जास्त काळ छोट्या विमानांच्या पॅनेलमागे हात घालून बसले आहे. तुमच्यासारखी तक्रार वर्षातून दोन-तीनदा तरी येतेच, आणि बहुतेक वेळा विमानाचा रेडिओ ठणठणीत असतो. अ‍ॅडॉप्टरने प्लगचा आकार जुळवला, पण आत वाहणारी वीज जुळवली नाही, एवढंच झालेलं असतं.

छोट्या विमानातला माइकचा जॅक नुसता आवाज घेत नाही, तो माइकला वीजही पुरवतो. ही रीत कार्बन माइकच्या काळातली. १८७०च्या दशकात टेलिफोनसाठी कार्बन माइक आला. पातळ पडद्यामागे कोळशाचे बारीक कण. बोललं की पडदा कण दाबतो-सोडतो, त्यांचा अवरोध बदलतो, आणि त्यातून वाहणारा प्रवाह आवाजाबरहुकूम हलतो. हा माइक स्वतः वीज तयार करत नाही, बाहेरून प्रवाह द्यावाच लागतो. विमानांच्या रेडिओंनी हाच माइक उचलला आणि रेडिओची माइक इनपुट त्याच्याभोवतीच बेतली गेली: जॅकवर साधारण ८ ते १६ व्होल्टची डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज), मधे काहीशे ओहमचा एक रेझिस्टर, आणि समोर १५० ओहमच्या आसपासचा माइक अपेक्षित. येणारा सिग्नलही दणकट, काही शे मिलिव्होल्टचा.

कार्बन माइक कधीच मागे पडला. आज सेसनावर जो साधा हेडसेट वापरतात त्यात इलेक्ट्रेट माइक (कायमचा विद्युतभार असलेला छोटा माइक) असतो, पण त्याच्या मागे एक चिमुकला अ‍ॅम्प्लिफायर बसवलेला असतो. तो जॅकवरच्या डीसीवरच चालतो आणि कार्बन माइकचं सोंग इतकं हुबेहूब वठवतो की रेडिओला फरक कळत नाही. त्याच दोन तारांतून वीज माइककडे जाते आणि त्याच तारांतून आवाज परत येतो. म्हणून १९७०च्या दशकातल्या रेडिओला आजचा हेडसेट लावला तरी काम होतं.

सैन्यदलांची वाट वेगळी. तिथे कमी इम्पिडन्सचा, म्हणजे कमी ओहमचा, डायनॅमिक माइक रूढ झाला. एम-८७ हा त्यातला सर्वांत ओळखीचा, ५ ओहमचा. डायनॅमिक म्हणजे लहानसा लाऊडस्पीकर उलटा वापरला असं समजा: चुंबकात तारेचं वेटोळं, आवाजाने ते हलतं आणि वीज तयार होते. त्याला बाहेरून वीज लागत नाही. दणकट असतो, घामापावसाला दाद देत नाही. पण त्यातून निघणारा सिग्नल अगदी बारीक, फार तर काही मिलिव्होल्ट. सैन्यदलाच्या इंटरकॉममध्ये, म्हणजे आतल्या माणसांना आपसात बोलायच्या यंत्रणेत, तो वाढवणारी सोय असते. सेसनात ती नाही.

आता तुमच्या विमानात काय घडतंय ते आकड्यांत पाहू. समजा जॅकवर १२ व्होल्ट आहेत आणि मधला रेझिस्टर ४७० ओहमचा. १५० ओहमचा माइक लावला तर त्याच्यावर साधारण २.९ व्होल्ट राहतात आणि १९ मिलिअ‍ॅम्पिअर वाहतात. ठरल्याप्रमाणे. त्याच जागी ५ ओहमचं वेटोळं लावलं तर जॅकवरचे १२ व्होल्ट घसरून जेमतेम ०.१३ वर येतात आणि वेटोळ्यातून २५ मिलिअ‍ॅम्पिअरची सततची डीसी वाहते. त्या डीसीने पडदा आपल्या मधल्या जागेवरून सरकून एका बाजूला ताणलेला राहतो. म्हणजे आधीच अपेक्षेच्या सुमारे शंभरावा हिस्सा असलेला आवाज, तोही ताणलेल्या पडद्यातून. टॉवरने ‘टू’ दिली यात नवल नाही.

‘पण मला माझा आवाज कानात ऐकू येतो की!’ असं तुम्ही लिहिलंय. तो साइडटोन, म्हणजे तुमचाच आवाज तुमच्या कानात परत ऐकवलेला. त्याची पातळी ऑडिओ पॅनेल किंवा रेडिओमध्ये वेगळी ठरवलेली असते. कानात तो पुरेसा वाटला म्हणून बाहेर जाणारा आवाज पुरेसा आहे असं होत नाही. निवाडा टॉवरचा, किंवा शेजारी हातातला रेडिओ घेऊन उभ्या असलेल्या माणसाचा.

मात्र प्लगवर यू-१७४ लिहिलंय एवढ्यावरून माइक ५ ओहमचाच आहे असं धरून चालू नका. यू-१७४ हा फक्त आकार आहे: एकाच दांड्यावर चार संपर्क, दोन कानांसाठी, दोन माइकसाठी. पुष्कळ नागरी हेलिकॉप्टरांत हाच प्लग असतो आणि माइक मात्र सेसनासारखाच, अ‍ॅम्प्लिफायरवाला. त्यांच्यासाठी तुमचा साधा अ‍ॅडॉप्टर पुरतो. नेमकी हीच गल्लत सगळीकडे होते. दुकानदार प्लग बघून सांगतो, विकत घेणारा प्लग बघून घेतो.

म्हणून आधी मोजा. हेडसेट विमानापासून सोडवून टेबलावर ठेवा. मल्टिमीटर ओहमवर, सर्वांत खालच्या रेंजवर. अ‍ॅडॉप्टरच्या बारीक प्लगवर, म्हणजे माइकच्या पीजे-०६८ वर, टोकापासून दुसरा संपर्क माइकचा आणि बुंध्याचा ग्राउंडचा. टोकाचा पहिला संपर्क बोलायच्या बटणासाठी असतो, त्याला इथे काम नाही. मीटरची एक काडी दुसऱ्या संपर्काला, एक बुंध्याला. खोली शांत ठेवा आणि माइक कानाशी धरा. आकडा ५ च्या आसपास स्थिर राहिला आणि काडी टेकवताना-उचलताना माइकमधून अगदी बारीक ‘टिक्’ ऐकू आली, तर आत वेटोळं आहे. मीटरच्या इवल्याशा विजेने पडदा हलतो, त्याचा तो आवाज. आकडा शे-दोनशेच्या घरात असून माइकवर टिचकी मारली की नाचत असेल, तर कार्बन. आणि काही शे ते काही हजार ओहमच्या मधे कुठेतरी, काड्या उलट्या लावल्या की निराळंच काही दाखवत असेल, तर इलेक्ट्रेटचा अ‍ॅम्प्लिफायर. हे दोन मिनिटांचं काम आहे आणि त्यावाचून पुढचा कुठलाही खर्च करू नये.

तसंच कानांचं मोजा. अ‍ॅडॉप्टरचा जाड प्लग, पीजे-०५५, टोक आणि बुंधा. सेसनाच्या जोडीचे हेडसेट साधारण १५० ते ६०० ओहमचे असतात. सैन्यदलाचे ८ ते १९ ओहमचे. कमी ओहमचे कान त्या आउटपुटला लावले की ते आउटपुट दबतं, शेजारच्या सीटवरच्या माणसाचा आवाजही कमी होऊ शकतो. तुमच्या इन्स्ट्रक्टरना हे विचारून बघा, ‘माझा हेडसेट काढला की तुम्हाला मोठ्याने ऐकू येतं का?’

आता गेमिंग माइकबद्दल. त्यातही इलेक्ट्रेटच असतो, म्हणून हा सल्ला पटण्यासारखा वाटतो. पण त्याच्या मागे विमानासाठीचा अ‍ॅम्प्लिफायर नसतो, फक्त कॅप्सूलमधला, म्हणजे माइकच्या इवल्या डबीतला, एक ट्रान्झिस्टर असतो. तो २ ते ५ व्होल्टवर, सुमारे २.२ किलोओहमच्या रेझिस्टरमधून चालवण्यासाठी बनवलेला. तो प्रवाह घेतो अर्धा मिलिअ‍ॅम्पिअर, म्हणून विमानाच्या जॅकवरचे जवळजवळ सगळे १२ व्होल्ट त्याच्या अंगावर येतात. अशा कॅप्सूलची कमाल मर्यादा बहुधा १० व्होल्टच असते. वाचला तरी २२०० च्या जागी ४७० ओहम मिळाल्यामुळे त्याचा मुळातलाच बारीक आवाज आणखी पाचवा हिस्सा होतो. आणि हे माइक घरात, शांत खोलीत वापरायचे. १७२ च्या कॉकपिटमध्ये त्यातून आधी इंजिन ऐकू येईल.

रेडिओचा गेन वाढवण्याचा सल्ला त्याहून वाईट. ते विमान तुमच्या एकट्याचं नाही. माइक गेन वाढवला की त्या विमानात चांगला हेडसेट घेऊन बसणाऱ्या प्रत्येकाचा आवाज फाटणार. विमानाच्या व्हीएचएफ रेडिओत आवाज एएम पद्धतीने जातो, म्हणजे आवाजाप्रमाणे रेडिओलहरीची उंची कमी-जास्त होते. या कमी-जास्त होण्याला मॉड्युलेशन म्हणतात. मॉड्युलेशनची खोली ८५ टक्क्यांच्या आसपास असावी अशी अपेक्षा असते. त्यापुढे ढकललं तर रेडिओतला कॉम्प्रेसर आवाज दाबतो, आणि तुम्ही दोन शब्दांच्या मधे श्वास घेतलात की तोच कॉम्प्रेसर इंजिनाचा घरघराट वर उचलतो. टॉवरला मग मोठा पण न कळणारा आवाज ऐकू येतो. गेनला हात लावायचा तर तो टेस्ट सेटवर मॉड्युलेशन मोजत, परवानाधारकाने आणि चांगल्या हालतीतला हेडसेट लावून. तुमचा हेडसेट सोडून बाकीचे सगळे त्या विमानात नीट चालत असतील तर त्याची गरजच नाही.

मग मामांच्या हेडसेटचं काय करायचं? भेट आहे, मन गुंतलंय, हे मला कळतं. माझ्याकडेही अशा दोन-तीन वस्तू आहेत. दोन रस्ते आहेत. पहिला, साध्याऐवजी अ‍ॅम्प्लिफायर असलेला अ‍ॅडॉप्टर घ्यायचा, जो ५ ओहमचा माइक आणि कमी ओहमचे कान दोन्ही वरच्या पातळीला आणतो. तो जॅकवरच्या डीसीवर चालतो. नुसता माइक जुळवणारे अ‍ॅडॉप्टरही मिळतात, त्यामुळे घेताना कानांचं विचारून घ्या. दुसरा रस्ता मला अधिक आवडतो: बाहेरचं कवच, डोक्यावरची पट्टी, कानाच्या वाट्या तशाच ठेवायच्या आणि आतले स्पीकर, माइक आणि दोन प्लगची वायर बदलायची. मोठ्या कंपन्यांच्या हेडसेटचे हे सुटे भाग मिळतात, आणि जुन्या एम-८७ च्या बूमवर (माइक धरणाऱ्या दांडीवर) बसणारे अ‍ॅम्प्लिफायरवाले इलेक्ट्रेट माइकही मिळतात. खर्च जवळपास साध्या सेकंडहँड हेडसेटइतका होईल. पण पंचवीस-तीस वर्षं मामांच्या डोक्यावर बसलेली पट्टी तुमच्या डोक्यावर बसेल. माइक बदलून घेतलात तर त्यावर एखादं बारीक छिद्र आहे का बघा. काही माइकमध्ये आत गेन लावायचा स्क्रू असतो. तो पाव-पाव फेरा फिरवायचा, तोही क्रूझच्या आरपीएमवर, म्हणजे सरळ उड्डाणात असतो तेवढ्या इंजिनाच्या वेगावर.

हे सगळं झाल्यावरही एक गोष्ट हातात राहते, आणि मी विद्यार्थ्यांच्या मागे सगळ्यात जास्त तिच्यासाठीच लागते: माइक ओठांपासून किती लांब आहे. विमानातला माइक दोन्ही बाजूंनी उघडा असतो. इंजिनाचा आवाज लांबून येतो, तो पुढून आणि मागून जवळजवळ सारखाच पोचतो आणि पडद्यावर एकमेकांना मारून टाकतो. तुमचा आवाज अगदी जवळून, फक्त पुढून येतो, म्हणून तोच उरतो. ही किमया ओठांपासून ३ ते ६ मिलिमीटरवरच चालते. दोन-तीन सेंटिमीटर लांब गेलात की माइकच्या दृष्टीने तुम्हीही इंजिनासारखेच लांबचे, आणि तुमचाही आवाज पुसला जातो. फोमची टोपी ओठाला हलकेच लागली पाहिजे, तोंडाच्या कोपऱ्याशी, म्हणजे श्वास थेट आत जाणार नाही. माइकवर एखादा ठिपका किंवा ‘टॉक’ अशी खूण असते, ती बाजू ओठाकडे. उलटा लागलेला माइक मी इतक्या वेळा सरळ केलाय की आता विमानाकडे जाताना आधी तेच बघते.

इथेच आणखी एक समज दूर करते. एएनआर, म्हणजे गोंगाट इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पुसणारा, हेडसेट घेतला की टॉवरला आवाज स्वच्छ जातो असं पुष्कळांना वाटतं. बोसने १९८९ मध्ये वैमानिकांसाठी असा हेडसेट बाजारात आणला आणि लांबच्या उड्डाणात कान शाबूत ठेवण्यासाठी त्याचा खरोखर उपयोग आहे. पण एएनआर फक्त तुमच्या कानातला गोंगाट कमी करतो. बाहेर जाणारा आवाज माइकच्या जागेवर आणि माइकच्या प्रकारावरच ठरतो.

इंटरकॉमचंही ओझरतं सांगते. तुमच्या विमानात इंटरकॉम असेल तर माइकला वीज तोच देतो आणि रेडिओला पुढे आवाजही तोच पाठवतो. इन्स्ट्रक्टरना इंटरकॉमवरच कुजबुज ऐकू येते, म्हणजे तुमचा दोष इंटरकॉमच्या अलीकडे, हेडसेटकडे आहे. इंटरकॉमवर छान आणि टॉवरला मात्र बारीक, असं असतं तर पुढे शोधलं असतं. बऱ्याच इंटरकॉमचं बटण बंद केलं की डाव्या सीटचा हेडसेट थेट रेडिओला जोडला जातो. शंका असेल तेव्हा ते करून बघण्यासारखं आहे. आणि माइक बारीक आहे म्हणून स्क्वेल्च, म्हणजे ठरावीक जोराचा आवाज आला तरच माइक उघडणारी सोय, सैल करू नका. मग इंजिनच तो उघडत राहतं. चार जणांचे चार माइक उघडे राहिले की चौघांच्या भोवतीचा गोंगाट एकत्र होतो.

एक किस्सा सांगते, कारण हेडसेट निर्दोष असूनही तुमच्यासारखीच तक्रार कशी येते ते त्यात आहे. एका फ्लाइंग क्लबचं सेसना १५२. डाव्या सीटवर बसणाऱ्या प्रत्येकाचा आवाज मधेच बारीक व्हायचा, सोबत आरपीएमप्रमाणे चढत-उतरणारी शीळ. चार हेडसेट बदलून झाले होते. कुणीतरी अल्टरनेटरचा फिल्टरही बदलला होता. मी माइकचा जॅक पॅनेलमधून बाहेर काढला. जॅकचा बुंधा पॅनेलच्या धातूला लागू नये म्हणून दोन फायबरचे वॉशर असतात. मागचा वॉशर बोटाला लागताच बिस्किटासारखा चुरला. त्याच्या जागी जॅकच्या आट्यांवर काळा चकचकीत पट्टा उमटला होता, जिथे तो पॅनेलला घासत होता. विमान थरथरलं की माइकचं ग्राउंड दोन ठिकाणी जोडलं जायचं, एकदा रेडिओपाशी, एकदा पॅनेलपाशी, आणि अल्टरनेटरचा प्रवाह त्या वाटेने माइकच्या तारेत शिरायचा. सुपारीच्या खांडाएवढा नायलॉनचा वॉशर बसवला, शीळ गेली. समुद्राजवळच्या विमानतळांवर, उदाहरणार्थ जुहूला, खाऱ्या हवेने जॅकचे संपर्कही हिरवट होतात. त्यांना पॉलिश पेपर लावू नये, वरचा मुलामा जातो. कॉन्टॅक्ट क्लीनर आणि प्लग दहा-बारा वेळा आत-बाहेर, एवढं पुरतं.

आवाज फक्त एखाद्या फ्रिक्वेन्सीवरच फाटत असेल, बाकी ठिकाणी नीट असेल, तर मात्र माइकच्या मागे लागू नका. ती बहुधा प्रसारणाचीच वीज माइकच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये परत शिरलेली असते. अँटेनाची जोडणी आणि वायरचं कवच तपासायला सांगा. हातातल्या रेडिओवर रबरी अँटेना कॉकपिटच्या आत असली की हे फार दिसतं. तसंच हातातल्या रेडिओला विमानाचा हेडसेट लावायचा तर त्या कंपनीचाच अ‍ॅडॉप्टर घ्या. त्याची माइक इनपुट मोबाइलसारखी नाजूक असते. घरी वायर जोडून बनवलेल्या अ‍ॅडॉप्टरमधून एकतर माइकला पुरेशी वीज मिळत नाही, नाहीतर आवाज इतका जोरात जातो की शब्द फुटतात.

ग्लायडर किंवा मायक्रोलाइटकडे वळलात तर अजून एक वळण येईल. बेकर एआर६२०१ किंवा केआरटी२ सारख्या युरोपीय रेडिओत डायनॅमिक माइक आणि साधा माइक असे दोन्ही इनपुट असतात आणि कुठला वापरायचा ते मेन्यूतून ठरवायचं असतं. तिथे डायनॅमिक माइक चालतो, पण त्याच्या स्वतःच्या तारेवर, साध्या माइकच्या नव्हे.

आज संध्याकाळी मल्टिमीटर काढा आणि दोन आकडे लिहून ठेवा, माइकचा आणि कानांचा. पुढच्या उड्डाणाआधी ते तुमच्या क्लबच्या बी-२ इंजिनिअरना दाखवा, आणि तोवर क्लबचा हेडसेट वापरा. ‘रीडेबिलिटी टू’ घेऊन हवेत जाऊ नका, सोलोला (एकट्याच्या उड्डाणाला) तर नाहीच. माइकचा आकडा ५ निघाला तर मामांना फोन करून विचारा, की त्यांच्या हेलिकॉप्टरच्या इंटरकॉममध्ये माइकचा अ‍ॅम्प्लिफायर कुठे होता. ते नक्की सांगतील.